मडगावच्या पराभवाचं उत्तर नांदेडच्या मैदानावर

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाची आपली वाट तिथंच बंद झाली. मी नांदेडचा, नोकरीनिमित्त सिंगापूरला राहतो. त्या रात्री आमच्या शाळेच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला तो असा: "भाऊ, तुमच्या सिंगापूरनं घरात येऊन हाणलं की! १४० कोटींत अकरा पोरं सापडंनात का आपल्याला?" तेव्हापासून सुट्टीत गावी आलो तरी हीच चर्चा. लोकसंख्या, क्रिकेट, अभ्यासाचं ओझं, प्रशिक्षक, परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू, सगळं निघतं. सामना मात्र कुणी काढत नाही.

म्हणून आधी सामना.

पात्रता फेरीच्या पहिल्या चार लढतींत आपण २ गोल केले. एक ९ ऑक्टोबरला सिंगापुरात, ९०व्या मिनिटाला रहीम अलीनं. त्यांच्या बचावपटूनं मागं दिलेला पास फसला आणि पोरगं त्यावर तुटून पडलं. दुसरा मडगावात १४व्या मिनिटाला लालियानझुआला छांगतेनं लांबून हाणलेला. तो फटका पाहून मी एकटाच घरात ओरडलो, इतका देखणा होता. पण नीट बघा, एक गोल समोरच्याच्या चुकीचा आणि एक एका माणसाच्या पायातल्या ताकदीचा. चार-पाच जणांनी चेंडू फिरवत, समोरची बचावफळी इकडं-तिकडं हलवत, जागा तयार करून केलेला गोल एकही नाही. शिलाँगला बांगलादेशविरुद्ध ०-०, हाँगकाँगमध्ये ०-१.

खाल्लेल्या गोलांची वेळ याहून बोलकी आहे. हाँगकाँगमध्ये ९०+४ व्या मिनिटाला पेनल्टी. सिंगापुरात पहिल्या हाफच्या भरपाई वेळेत इखसान फांदीचा गोल. मडगावात ४४व्या मिनिटाला सोंग उई-यंगचा. चारपैकी तीन गोल हाफ संपता संपता खाल्ले. आपली पोरं दमतात, असं ग्रुपवर एकानं लिहिलं. मला ते पटत नाही. सिंगापुरात ४७व्या मिनिटाला आपला बचावपटू संदेश झिंगनला लाल कार्ड मिळालं, बाकीचा सामना दहा जण खेळले आणि शेवटच्या मिनिटाला बरोबरी आणली. दमलेला संघ हे करत नाही. दमाचा नाही, चेंडू पायात धरून वेळ आपल्या ताब्यात ठेवण्याचा प्रश्न आहे. मध्यंतराला पाच मिनिटं उरली असतील तर चेंडू कडेला न्यायचा, आडवे पास खेळायचे, समोरच्याला धावायला लावायचं. आपण त्याच वेळी तो उंच उडवतो. उडवलेला चेंडू बहुतेक वेळा समोरच्याच्याच पायात पडतो आणि परत आपल्याच गोलकडं येतो.

माझ्या मते मडगावचा सामना १४ ते ४४ या अर्ध्या तासात गेला. आघाडी आपली, मैदान आपलं, प्रेक्षक आपले. तेव्हा मधल्या फळीनं सामना हळू करायला हवा होता. झिंगन निलंबित, त्यामुळे मागून "थांबा, सावकाश" असं ओरडणारा माणूसही नव्हता. सोंग मूळचा मधल्या फळीतला. असा खेळाडू बचावपटूंना चिकटून राहत नाही, त्यांच्या पुढ्यातल्या मोकळ्या पट्ट्यात वाट बघतो. ती जागा राखणं हे दोन मध्यरक्षकांचं काम, आणि चेंडू सारखा हातचा जात असेल तर ते दोघं सतत उलटं पळत राहतात. ५८व्या मिनिटाला त्यानंच दुसरा गोल केला. मग आपल्याकडं अर्ध्या तासाहून जास्त वेळ होता, गोल झाला नाही. पुढं १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनं ११व्या मिनिटाला गोल केला, तेव्हाही उरलेला सगळा सामना हातात होता. तिथंही नाही. त्याच संध्याकाळी सिंगापूर हाँगकाँगमध्ये २-१ नं जिंकून आशियाई चषकाला पात्र ठरलं. याआधी ते या चषकात फक्त १९८४ ला यजमान म्हणून खेळले होते.

आता गावाकडच्या कारणांकडं येतो. सिंगापूरची लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास, त्यात नागरिक साधारण ३६ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या साडेतेहतीस लाख होती आणि आख्ख्या मराठवाड्याची १ कोटी ८७ लाख. डोकी मोजून फुटबॉल ठरत असता तर नांदेड जिल्ह्याचा संघ सिंगापूरशी बरोबरीत खेळला असता.

अभ्यासाचं म्हणाल तर इथं सिंगापुरात बाराव्या वर्षी पोरांची राष्ट्रीय परीक्षा होते, तिच्या गुणांवर माध्यमिक शाळा ठरते. शिकवण्या लातूर-नांदेडइतक्याच जोरात चालतात. त्यावर मुलांना अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा, म्हणजे फुटबॉलपटू घडायच्या ऐन वयात. आपल्या पोरांवर एवढी अडचण नाही.

प्रशिक्षकाला वेळ मिळाला नाही हे खरं आहे. खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये आला. २०१७ ला ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारा माणूस आहे, त्याची समज मी कमी लेखणार नाही. पण सिंगापूरचा गॅविन लीसुद्धा २०२५ च्या मध्यातच आला, पस्तिशीचा, तोही आधी हंगामी म्हणून. राहिला पासपोर्टचा वाद, म्हणजे परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना खेळवायचा. सिंगापूरही दुहेरी नागरिकत्व देत नाही. सोंग कोरियात जन्मला, २०१२ ला इथल्या क्लबात आला, वर्षानुवर्षं इथल्या लीगमध्ये खेळला आणि २०२१ ला नागरिक झाला. भारतीय वंशाच्या रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपला घेतला, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण अशा दोन-चार जणांनी ४४व्या मिनिटाचा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही.

एक कारण मात्र मला पूर्ण मान्य आहे. जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून इंडियन सुपर लीगचा हंगामच अडकला. ऑक्टोबरच्या दोन्ही लढतींना आपले खेळाडू लीगचा एकही सामना न खेळता उतरले. चेंडू शांतपणे पायात ठेवणं सरावात येत नाही. ते सामन्यांत येतं, हरण्याची भीती न बाळगता खेळलेल्या पुष्कळ सामन्यांत.

माझा भाचा नांदेडला सातवीत आहे, शाळेच्या संघात उजवीकडून खेळतो. फोनवर विचारलं, सामने कसे झाले? म्हणाला, "मामा, एकच झाला. हरलो. आता पुढच्या वर्षी." आमच्या वेळीही हेच होतं. तालुका, जिल्हा, विभाग, सगळ्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. सकाळी हरलं की दुपारच्या एसटीनं घरी. मग क्रीडाशिक्षक एकच शिकवतात: चेंडू आला की उडव, रिस्क घेऊ नको. त्यांचा काय दोष? एका चुकीत सगळं वर्ष जात असेल तर मीही तेच शिकवेन. मडगावात जे दिसलं त्याचं बी इथं पडतं, असं माझं ठाम मत आहे.

सिंगापुरात सगळं चांगलं आहे असं नाही. जमीन थोडी, मैदानाचं बुकिंग मिळवायला धावपळ, आणि संघ हरला की इथले लोकही आपल्यासारखेच चिडतात. तरी सरकारी घरांच्या वसाहतींत जाळी लावलेली छोटी मैदानं आहेत, अनेक शाळांची मैदानं सुटल्यावर लोकांना वापरता येतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या जाळीत पोरं सलग खेळत असतात. हरलेला संघ दहा मिनिटांनी पुन्हा आत येतो.

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, राज्य सरकारनं १३ वर्षांखालची मुलं-मुली निवडून त्यांना घडवायची 'महादेवा' योजना तिथं मांडली. आनंद आहे. कोल्हापूरला पेठांच्या तालमींनी पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल जगवला, तिथून अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत गेला. आपल्या भागात ती परंपरा नाही, त्यामुळे निवडीसाठी येणाऱ्यांना इथं दिसणार कोण? आधी खेळणारी पोरं हवीत.

मागणी छोटी आहे. मराठवाड्यात जिल्हे आठ. प्रत्येकाचा १३ वर्षांखालचा एक संघ मुलांचा आणि एक मुलींचा, बाकीच्या प्रत्येक जिल्ह्याशी घरी एक सामना आणि बाहेर एक. प्रत्येक संघाला वर्षाला १४ साखळी सामने मिळतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड एकाच रेल्वेमार्गावर आहेत. हिंगोली, लातूर, धाराशिवला रेल्वे आहे. बीडलाही सप्टेंबर २०२५ पासून गाडी लागली. नवं स्टेडियम नको, जिल्हा परिषद शाळांची मैदानं शनिवारी-रविवारी उघडी हवीत. ग्रुपवर हे मांडलं तर दोघांनी पंच व्हायची तयारी दाखवली आणि एका क्रीडाशिक्षकानं विचारलं, चेंडू कोण देणार? नांदेडच्या दोन्ही संघांचे चेंडू मी देतो. बाकीच्या सात जिल्ह्यांतलं आपलं कुणी बाहेरदेशी असेल, तर त्यानं आपापल्या जिल्ह्याचं बघावं.