स्पेस चालून नाही राहिली

‘आजीवन सदस्यांचा सत्कार’ या ओळीत मधली स्पेस मी दिलीच नव्हती, तिनं स्वतःहून घेतली. मंडळाच्या ग्रुपवर गेलं ते ‘आजी वन सदस्यांचा सत्कार’. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘तुमच्याच्यानं एक ओळ सरळ होत नाही का?’ मराठीत एम.ए. केलेल्या माणसाला!

म्हणून काल लॅपटॉप घेऊन नागपूरच्या बाजारात, बर्डीवर गेलो. दुकानदारानं चिमट्यानं स्पेसची पट्टी उचकटली. खाली रबराची इवलीशी टोपी, आणि पट्टी कुठल्याही टोकाला दाबली तरी सरळ खाली जावी म्हणून लावलेली बारीक तार. टोपीला चिकटून मोहरीचा दाणा.

“तर्री-पोहे कीबोर्डवर खाता काय?”

हे दुकानदार नाही, शेजारच्या स्टुलावरचे काका बोलले. प्रिंटरची शाई भरून घ्यायला आले होते.

“३० वर्षं टायपिस्ट होतो मी. स्पेस कोणत्या अंगठ्यानं देता?”

“जो मोकळा असेल त्यानं.”

काकांनी डोळे मिटले. घरात कुणी गेल्यासारखे.

“अन् काऊन पाहिजे हो स्पेस? जुन्या मोडी लिपीत होती काय? आधी रेघ ओढायची, मग अक्षरं लटकवत जायचं. भोसल्यांचा कारभार चालला का नाही?”

“काका, भोसल्यांना ग्रुपवर सेक्रेटरी नव्हता.”

“तार वाकली,” दुकानदार मधेच म्हणाला. “पट्टी एकटी भेटत नाही. पूर्ण कीबोर्ड टाकावा लागते. १८००.”

“कोऱ्या जागेचे १८००?”

“वर्धा रोडवर पाहा ना,” काका म्हणाले, “कोऱ्या जागेचा काय भाव आहे!”

दुकानदार हसला. मला नाही आलं हसू. कॉम्प्युटर कोऱ्या जागेलाही अक्षरच धरतो, ३२ नंबरचं, हे मला माहीत होतं. पण माहीत असून पैसे कमी होत नाहीत. नुसतं उघडून पाहिल्याचे १५० घेतले, वर तो दाणा काढल्याचं उपकार म्हणून ऐकवलं. पट्टी आता फक्त डाव्या कोपऱ्यात दाबली जाते.

घरी येऊन मी दुरुस्तीचा मेसेज टाकला. तो कुणी वाचला नाही. मंडळातल्या चार आज्या मात्र सकाळपासून विचारून राहिल्या, पेंचच्या जंगलात जायची बस किती वाजता निघते. आणि भाडं कोण भरणार, ते सेक्रेटरींनी ठरवून टाकलंय.