नागपूरला गोठणं नाही, भाजणं टाळायचं आहे

गॅस गीझर कसा निवडावा यावरच्या एका लेखात ‘थंडी वाढतेय, तेव्हा अँटी-फ्रीझ (म्हणजे आतलं पाणी गोठू न देणारी सोय) असलेलाच गीझर घ्या’ असा सल्ला वाचला. तो लेह-मनालीला ठीक आहे. आमच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, अख्खं शहर शेकोट्यांपाशी बसलं होतं, तरी नळाचं पाणी काही गोठलं नाही. शिवाय बहुतेक गॅस गीझरमधलं हे संरक्षण म्हणजे आतल्या पाइपाला चिकटवलेला छोटा विजेचा हीटर. लाइट गेली की तोही गेला.

त्या लेखात राहून गेलेली गोष्ट तापमानाच्या नियंत्रणाची. आमचा मिनिटाला ६ लिटरवाला साधा गॅस गीझर पाणी गरम करतो म्हणजे आलेल्या पाण्यात साधारण २५ अंश घालतो, बस्स. जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतून १५ अंशांचं पाणी आलं तर ४० मिळतं, आंघोळ झकास. पण ऑक्टोबर हीटमध्ये टाकीतलंच पाणी २८ अंशांवर असतं. खटका तोच, ज्योत तेवढीच, आणि नळातून ५३! माझ्या आईचा हात असाच पोळला. त्यात कुणी बादलीचा नळ बारीक केला की पाणी आणखीच कढत येतं, हे घरातल्या पोरांना सांगून सांगून थकलो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान मोजून ज्योत आपोआप कमी-जास्त करणारी मॉडेलं मिळतात. महाग आहेत, पण जास्तीचे पैसे मोजायचेच तर त्यावर मोजा ना भाऊ.