अर्थाचा अर्थ सांगा कुणीतरी

मराठी अर्थ बघायची सवय सोड म्हणजे इंग्रजी सुधारेल असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून शिकणाऱ्यांसाठीची इंग्लिश-टू-इंग्लिश डिक्शनरी आणली. आता एक शब्द अडतो म्हणून उघडतो आणि चार अडून बसतात.

सुरुवातच एसबी आणि एसटीएचने झाली. जिथे तिथे हेच, 'गिव्ह एसबी एसटीएच'. मी दोन दिवस एसटीएच हा शब्द एसच्या पानांवर शोधत होतो, आणि याचा उच्चार करताना जीभ नेमकी ठेवायची कुठे तेही कळेना! ते समबडी आणि समथिंग आहे हे पहिल्याच पानांत छापलेलं असतं म्हणे, पण डिक्शनरीची पहिली पानं वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

तसं पूर्वी याहून वाईट होतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या डिक्शनरीत 'नेटवर्क'चा अर्थ सांगताना 'रेटिक्युलेटेड', 'डेकसेटेड' असले शब्द घातलेत, म्हणजे जाळं राहिलं बाजूला, वाचणाराच अडकला. मग 1935 मध्ये मायकेल वेस्टने शिकणाऱ्यांसाठीच्या आपल्या डिक्शनरीत फक्त 1,490 शब्दांत सगळे अर्थ बसवले, 1978 मध्ये लाँगमन प्रकाशनवाल्यांनी त्यांच्या डिक्शनरीत साधारण 2,000 घेतले. हेतू चांगलाच. पण सोपे शब्द म्हणजे कोण, तर गेट, पुट, टेक, आणि त्यांच्या शेपटीला अप, ऑफ, आउट लागलं की हे साधेभोळे दिसणारे लोक काय काय रंग दाखवतात ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. शिवाय शब्दच मोजके, त्यामुळे कुत्रा म्हणजे चार पायांचा, शेपटीवाला, घरात पाळतात तो प्राणी. अहो, मग मांजराने काय घोडं मारलंय?

1987 मध्ये कोबिल्ड नावाची डिक्शनरी आली, ती पूर्ण वाक्यात बोलते, 'इफ यू' करून. समजतं पटकन, पण सूर पोलीस चौकशीचा. चोरीसारखा शब्द काढला तरी करणारे आपणच. त्यात 'समवन' म्हणून एकाला आत घेतात आणि पुढे त्यालाच 'दे', म्हणजे 'ते', म्हणतात, मी आपला मागे वळून बघतो, दुसरा कोण आला?

परवा 'प्रोक्रॅस्टिनेट' काढला. तुम्ही प्रोक्रॅस्टिनेट करता म्हणजे करायची कामं उगाच पुढे ढकलत राहता, अशा थाटाचं काहीतरी होतं. हिला कुणी सांगितलं? पुस्तक मिटून ठेवलं, उरलेले शब्द सोमवारपासून.