इथर विकत का देत नाहीत, सांगा ना कुणीतरी!

पोकेमॉनच्या गेम्समध्ये मार्टच्या, म्हणजे तिथल्या दुकानाच्या, काउंटरवर इथर का मिळत नाही हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि जो कुणी याची बाजू घेईल त्याच्याशी भांडायची माझी पूर्ण तयारी आहे. पोशन मिळतं. सुपर पोशन, हायपर पोशन, मॅक्स पोशन, फुल रिस्टोर सगळं मिळतं. विष उतरवायचं वेगळं, भाजल्याचं वेगळं, झोप उडवायचं वेगळं. बेशुद्ध पडलेल्याला उठवणारं रिव्हाइव्हसुद्धा पैसे टाकले की हातात. आणि मूव्हचा पीपी भरणारी एक साधी बाटली, ती नाही! ती कुठे, तर एखाद्या गुहेत आडवळणाला पडलेली, नाहीतर कुठल्यातरी बिल्डिंगच्या मागच्या खोलीत, अख्ख्या गेममध्ये मोजून मापून ठेवलेली, एकदा उचलली की संपली.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक मूव्ह, म्हणजे पोकेमॉन लढाईत टाकतो तो डाव, किती वेळा वापरता येईल याला लिमिट असतं, ते म्हणजे पीपी. सर्फचा पीपी १५, आइस बीमचा १०, हायड्रो पंपचा फक्त ५, आणि तो हायड्रो पंपही १०० पैकी ८० वेळाच लागतो, म्हणजे पाचातला एखादा हवेत जाणारच. पोकेमॉन सेंटरला गेलं की हे सगळं फुकटात भरून मिळतं, तिथे माझी काही तक्रार नाही. पण एलिट फोरच्या, म्हणजे गेमच्या शेवटी भेटणाऱ्या चार तगड्या खेळाडूंच्या, दारातून आत गेलं की सेंटर बंद. चार जण आणि वर चॅम्पियन, पाच लढाया लागोपाठ, मध्ये बाहेर पडता येत नाही, हरलात की परत पहिल्यापासून. एचपी, म्हणजे पोकेमॉनचा जीव, भरायला बॅगेत ढीगभर बाटल्या असतात कारण त्या विकत मिळतात. पण पीपी? इथरने एका मूव्हचा १० पीपी भरतो, एलिक्सरने चारही मूव्हजचा १०-१०, आणि ही दोन्ही जपून जपून वापरायची कारण परत मिळणार नाहीत. मग काय होतं, तर लोक ती वापरतच नाहीत! गेम संपतो आणि बॅगेत इथर तशीच. औषध असं बनवलंय की माणूस ते वापरायलाच घाबरतो, ह्याला काय डिझाइन म्हणायचं?

पण मला खरा संताप येतो तो समोरच्याच्या औषधांचा. लढाई जमून आलेली असते, समोरच्याचा शेवटचा पोकेमॉन, एचपी लाल झालेला, एक फटका बाकी, आणि स्क्रीनवर येतं की चॅम्पियनने फुल रिस्टोर वापरलं. सर्र करून ती हिरवी पट्टी वर चढत जाते, टोकापर्यंत, पॅरालाइज केलेलं असेल तर तेही साफ. बरं, त्याला पैसे लागले का? नाही. तो मार्टमध्ये गेला का? नाही. मला तीच बाटली ३००० ला पडते. आणि ते एकदा करून थांबत नाही, परत लाल केलं की परत फुल रिस्टोर. डायमंड-पर्ल गेममधली चॅम्पियन सिंथिया आठवा. तिचा गारचॉम्प मुळात एवढा फास्ट आणि एवढा जोरात मारणारा की त्याला एकदा लाल करायला माझे दोन पोकेमॉन आडवे होतात, आणि मग ती शांतपणे बाटली काढते. त्या दोघांनी जे कमावलं ते एका सेकंदात झिरो.

आता हे दोन्ही एकत्र धरा म्हणजे कळेल मी का एवढी चिडलेय. समोरच्याने एकदा फुल रिस्टोर मारलं की माझा नुसता वेळ जात नाही, माझा पीपी जातो. जे काम दोन आइस बीममध्ये व्हायचं त्याला चार लागतात. त्याची बाटली फुकटची, आणि तिच्यामुळे माझी अशी गोष्ट संपते जी भरायची सोय तुम्ही मला विकतच देत नाही. रूबी-सॅफायरमध्ये तर एलिट फोरमधल्या फीबीकडे दोन-दोन डस्कलॉप्स आहेत, आणि त्यांची अ‍ॅबिलिटी आहे प्रेशर, म्हणजे मी त्यांच्यावर एक मूव्ह वापरला की पीपी एक नाही तर दोन कापला जातो. म्हणजे ५ पीपीच्या मूव्हचे जेमतेम तीन फटके. त्या बाईच्या पुढे अजून ग्लेशिया, ड्रेक आणि चॅम्पियन स्टीव्हन बाकी असतात! हे ज्याने ठरवलं त्याला मार्टच्या यादीत इथर लिहायला काय झालं होतं?

लगेच येतात सांगायला, अगं लेव्हल वाढव, ट्रेनिंग कमी पडतंय तुझं, नाहीतर पीपीची मर्यादा वाढवणारं पीपी अप खायला घाल. पीपी अपने ५ चा तीन वेळा देऊन ८ होतो, आणि तेही इथरसारखंच शोधत फिरायचं. लेव्हल वाढवून समोरच्याचं फुल रिस्टोर बंद होत नाही. आणि पीपी हा मर्यादा म्हणून ठेवलाय, विचार करून खेळावं म्हणून ठेवलाय असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की मग ती मर्यादा एकट्या मलाच का? मित्रासोबत केबल लावून खेळताना दोघांच्याही बॅगा बंद असतात आणि तीच लढाई सगळ्यात मस्त होते, कारण तिथे दोघं सारखे. पहिल्या गेम्समधला सिनाबार बेटावरचा, हरवल्यावर बॅज देणारा जिम लीडर ब्लेन तर एचपी पूर्ण भरलेला असताना सुपर पोशन मारतो. पूर्ण भरलेला असताना! इतकी फुकटची औषधं दिलीत त्यांना की कुठे ओतायची तेही बघायला लागत नाही, आणि आम्ही इथे एकेक इथर छातीशी धरून बसतो.

लेपा बेरी आहे ना, असंही ऐकवतात. आहे. १० पीपी भरते, झाड लावायचं, पाणी घालायचं, खरोखरच्या घड्याळाप्रमाणे तास मोजत वाढायची वाट बघायची. कल्पना मला आवडली होती, खोटं कशाला बोलू, बेरी लावून दुसऱ्या दिवशी बघायला जायचं यात मजा होती. पण रूबी-सॅफायरच्या कार्ट्रिजमध्ये एक छोटी बॅटरी असते आणि ते घड्याळ तिच्यावर चालतं. ते गेम्स २००२ चे. आज जुनं कार्ट्रिज लावा, सुरू होतानाच मेसेज येतो की आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल पण घड्याळावरच्या गोष्टी घडणार नाहीत. सेव्ह होतं, लढता येतं, पण लावलेली बेरी वाढत नाही. मातीत टाकली की तशीच राहते, कितीही पाणी घाला. म्हणजे पीपी परत परत मिळवायचा जो एक रस्ता दिला होता तोही बॅटरीसोबत गेला, आणि काउंटरवर इथर असतं तर काहीच अडलं नसतं.

आणि नको ते किती द्यावं! रेड-ब्लू या पहिल्या गेम्समध्ये बॅगेत जागा होत्या २०. त्याच २० मध्ये पोके बॉल, मूव्ह शिकवणारे टीएम, सायकल, फिशिंग रॉड सगळं कोंबायचं. आता औषधं मोजा. पोशन, सुपर, हायपर, मॅक्स, फुल रिस्टोर झाले ५. अँटिडोट, बर्न हील, आइस हील, अवेकनिंग, पॅरालाइज हील, फुल हील मिळून ११. रिव्हाइव्ह आणि मॅक्स रिव्हाइव्ह १३. इथर, मॅक्स इथर, एलिक्सर, मॅक्स एलिक्सर १७. फ्रेश वॉटर, सोडा पॉप, लेमोनेड २०. औषधांचे प्रकारच २०! एकेक घेतलं तरी बॅग भरली, सायकल घरी ठेवा. पाच त्रासांसाठी पाच वेगळ्या बाटल्या कशाला, फुल हील एकटं सगळं बरं करतं की!

किमतींचं तर बोलायलाच नको. त्याच गेम्समधल्या सेलाडॉन शहराच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये दुसऱ्या मजल्यावर सुपर पोशन ७०० ला, ५० एचपी भरतं. त्याच बिल्डिंगच्या गच्चीवर मशीनमध्ये फ्रेश वॉटर २०० ला, तेही ५० एचपी. लेमोनेड ३५० ला आणि ८० एचपी! हे कळल्यावर सुपर पोशन कोण घेईल? पण मशीन एका वेळी एकच बाटली देतं, बटण दाब, मेसेज वाच, बाटली पडली, परत बटण दाब, परत तोच मेसेज, स्वस्त मिळवायचं तर बोटं झिजवा. आणि २०१६ ला सन-मूनमध्ये काय केलं, तर हायपर पोशन २०० एचपीवरून १२० वर आणलं आणि किंमत १२०० ची १५०० केली. फ्रेश वॉटर ३० वर. यादीत एवढी खाडाखोड करायला वेळ होता, इथर टाकायला नव्हता.

रिव्हाइव्हचंही तसंच, अर्धा एचपी घेऊन उठतो, त्यात माझी टर्न गेली, समोरचा फास्ट असेल तर पुढच्याच फटक्यात परत आडवा. १५०० चे २००० केलेत त्याचे.

पोकेमॉन गो मध्ये तरी सुधारतील असं वाटलं होतं. भारतात ते डिसेंबर २०१६ ला रीतसर आलं, आणि त्यात पोकेमॉन सेंटरच नाही! फुकट बरं करायची हक्काची जागा, तीच काढली. बरं व्हायचं तर खऱ्या जागांवर ठेवलेले पोकेस्टॉप स्क्रीनवर फिरवून औषधं मिळवा. पुण्यामुंबईत ठीक आहे, पावलोपावली स्टॉप. जरा आत गावाकडे जा, देवळाजवळ एखादा असला तर असला. आणि मिळतं काय, तर २० एचपीचं साधं पोशन. ब्लिसी नावाच्या पोकेमॉनचा एचपी ४०० च्या वर जातो, टिचक्या मारत बसा वीस वेळा. रेड, म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून एका मोठ्या पोकेमॉनशी लढायची लढाई, करून सहाच्या सहा आडवे झालेले असतात तेव्हा रिव्हाइव्ह संपलेले, आणि बॅग मात्र फुल दाखवते, कारण ती त्या साध्या पोशन्सनी भरलेली. मग बसून डिलीट करा. जे हवंय ते नाही म्हणून रडायचं आणि जे आहे ते फेकायचं, दोन्ही एकाच संध्याकाळी.

इथर मार्टमध्ये ठेवा. ३००० लावा, ५००० लावा, सगळे बॅज मिळाल्यावरच द्या, एका फेरीत पाचच घेता येतील असा नियम करा, काय वाट्टेल ते करा. जुन्या गेम्समध्ये पैसे ९,९९,९९९ पर्यंत साठतात आणि चॅम्पियनला हरवल्यावर ते खर्चायला धड काही नसतं. घ्या ना ते! आणि ज्या दिवशी चॅम्पियन माझ्यासमोर फुल रिस्टोर काढेल त्या दिवशी त्याच्याही पोकेमॉनचा पीपी माझ्यासारखा आधीच अर्धा संपलेला असू दे, आणि लढाईआधी कुठल्यातरी गुहेत इथर शोधत त्यालाही फिरू दे.