सोळा हजार फुकट द्यायचे आणि वर एल्फलाच चोर म्हणायचं

इंदुरात डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांवर पात्रं चालवायचा खेळ, जुन्या नियमांनी खेळणारे फार नाहीत, पण जे आहेत त्यांच्या तोंडी एक वाक्य हटकून असतं: “भिया, एल्फ म्हणजे सरळ चीटिंग आहे.” रामबागेत आमच्याकडे रविवारी नवा खेळाडू आला की पोह्यांवर जीरावन पडायच्या आत तो हे ऐकवतो. स्वतः एकदाही एल्फ खेळलेला नसतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, तेच पुढे चालतं.

दावा थोडक्यात असा. १९८१ साली टॉम मोल्डव्हेचं बेसिक आलं आणि त्याला जोडून डेव्हिड कुक व स्टीव्ह मार्श यांचं एक्स्पर्ट. या नियमांत एल्फ ही नुसती (माणसाहून वेगळी, परीकथेतली) जात नाही, तोच क्लास, म्हणजे पात्राचा पेशाही आहे. त्याला हवं ते चिलखत घालता येतं, हवं ते शस्त्र वापरता येतं, फायटरसारखं लढता येतं, आणि वर मॅजिक-युजरचे स्पेल, म्हणजे जादूगाराचे मंत्रही टाकता येतात. शिवाय अंधारात साठ फूट दिसतं, गुप्त दारं इतरांपेक्षा जास्त सापडतात, घूल या प्रेतं खाणाऱ्या राक्षसाच्या स्पर्शाने तो लुळा पडत नाही. मग फायटर घेणारा वेडा आणि मॅजिक-युजर घेणारा महावेडा. निष्कर्ष: एल्फवर बंदी घाला, निदान त्याचे पंख तरी छाटा.

शेवटच्या तीन किरकोळ गोष्टींवर मी वेळ घालवणार नाही. घूल रोज भेटत नाही, आणि गुप्त दार सहात एकाऐवजी सहात दोन वेळा सापडल्याने कुणाचा खेळ बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही. मुख्य मुद्दा लढाई अधिक जादू हा आहे, तोच धरू.

“एकटा दोघांचं काम करतो.” कधी? एका फेरीत त्याला एकच गोष्ट करता येते. तलवार चालवली तर स्पेल नाही, स्पेल टाकला तर तलवार नाही. फायटर आणि मॅजिक-युजर शेजारी उभे असतील तर त्याच फेरीत दोन्ही होतं. ते दोन देह आहेत, दोघांचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) वेगळे, एक पडला तरी दुसरा उरतो. एल्फच्या हिट पॉइंटचा फासा सहा बाजूंचा, सरासरी साडेतीन. फायटरच्या आठ बाजूंची सरासरी साडेचार, मॅजिक-युजरच्या चार बाजूंची अडीच. या दोहोंची सरासरी काढा, बरोबर साडेतीन येते. म्हणजे एल्फला दोन माणसांचं आयुष्य मिळालेलं नाही, दोन अर्ध्या माणसांचं एक मिळालंय.

“फायटरइतकाच लढतो” हेही तपासून पाहावं. या नियमांत पहिल्या तीन लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे पात्राच्या वाढीची पायरी) फायटर, एल्फ, क्लेरिक (पुरोहित), मॅजिक-युजर सगळ्यांना शत्रूवर वार बसवायला फाशावर सारखाच आकडा लागतो. फरक चौथ्या लेव्हलपासून पडतो. तिथे फायटर ८,००० एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) पोचतो आणि एल्फ १६,००० ला.

आता त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा, कारण तो आकडे बघून केलेला आहे. दुसऱ्या लेव्हलला फायटरला २,००० एक्सपी लागतात, मॅजिक-युजरला २,५००, एल्फला ४,०००. “दुप्पट म्हणजे काय मोठं? पुढची प्रत्येक लेव्हलही दुप्पटच असते, म्हणजे एल्फ फायटरच्या फक्त एक लेव्हल मागे. शिवाय २,००० अधिक २,५०० म्हणजे ४,५००, त्याला तर पाचशेची सूट मिळालीय.” हिशोब चोख आहे. एक लेव्हल मागे हे खरं, सूट मिळते हेही खरं. पण हाच हिशोब मॅजिक-युजरच्या बाजूने करून पाहा. त्याच्या पायऱ्या २,५००, ५,०००, १०,०००, २०,०००, ४०,००० आणि एल्फच्या ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००, ६४,०००. चार ते पाच हजारांच्या दरम्यान दोघेही दुसऱ्या लेव्हलवर. पाच हजारांना मॅजिक-युजर तिसरीत जातो आणि एल्फ आठ हजारांपर्यंत दुसरीतच बसतो. पुढे आठ ते दहा हजार बरोबर, दहा ते सोळा मागे. सोळा ते वीस बरोबर, वीस ते बत्तीस मागे. प्रत्येक टप्प्यात पाव वाट बरोबरीची आणि पाऊण वाट मागे राहण्याची. फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा स्पेल, मॅजिक-युजरला २०,००० एक्सपीला येतो, एल्फला ३२,००० ला. मधले बारा हजार एक्सपी ज्याला फायरबॉल हवा तो एल्फकडे बघत नाही, मॅजिक-युजरकडे बघतो.

आणि हे एक्सपी येतात कुठून? जुन्या नियमांत मुख्यतः बाहेर काढलेल्या खजिन्यातून, एका सोन्याच्या नाण्याला एक. राक्षस मारून पोट भरत नाही. एका ऑर्कचे दहा, तेही सगळ्यांत वाटून. नुसते ऑर्क मारून, एकट्याने सगळे एक्सपी घेऊनही, एल्फला दुसऱ्या लेव्हलसाठी चारशे ऑर्क लागतील. तोवर त्याच्याबरोबर निघालेले फायटर, क्लेरिक आणि थीफ तिसरीत पोचलेले असतात. एल्फ तेवढा सगळा काळ पहिल्या लेव्हलच्या हिट पॉइंटवर काढतो. एका फाशाचे हिट पॉइंट, निम्म्या वेळा तीन किंवा त्याहून कमी. शून्याला पोचला की मेला, आणि नवं कॅरेक्टर पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या लेव्हलच्या एल्फकडे बोट दाखवून “बघा किती भारी” म्हणणाऱ्याला माझं एकच विचारणं असतं: याच्याआधीचे किती एल्फ तळघरात पुरले, ते पण मोजलेत का?

बहुतेक जण मोजत नाहीत, कारण त्यांच्याकडे कुणी पुरलेलाच नसतो. या दाव्याचं मूळ मला इथे दिसतं. नव्या टेबलांवर सर्रास म्हणतात, “पहिली लेव्हल कंटाळवाणी आहे, सगळे पाचवीपासून सुरू करू.” ऐकायला अगदी न्याय्य. पण पाचव्या लेव्हलचा फायटर १६,००० एक्सपीचा, मॅजिक-युजर २०,००० चा आणि एल्फ ३२,००० चा. म्हणजे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) खेळ सुरू व्हायच्या आत एल्फला फायटरपेक्षा सोळा हजार जास्त दिले, सगळे फुकट. दुसरा प्रकार असा की मोहीम पार पडली की सगळे एकदम एक लेव्हल वर. ही सवय नव्या आवृत्त्यांमधून आली. २००० साली तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून सगळ्या क्लासना एक्सपीचा तक्ता एकच आहे, तिथे ही सवय चालून जाते. १९८१ च्या नियमांत क्लासची किंमत त्या तक्त्यातच लिहिलेली आहे. तक्ता फाडून टाकला तर एल्फ भारी ठरणारच. मग तक्ता कुणी फाडला, ते तरी बघा.

आमच्याकडे येणारा एक कॉलेजातला मुलगा यावर म्हणाला, “दादा, मग स्लीपचं काय? पहिल्याच लेव्हलला अख्खी टोळी झोपते.” झोपते खरी. स्लीप दोन आठ-बाजूंच्या फाशांइतके हिट डाइस (राक्षसाची ताकद मोजायचं माप, ऑर्कचा एक) झोपवतो, सरासरी नऊ, आणि समोरच्याला सेव्ह, म्हणजे बचावाचा फासाही नाही. नऊ ऑर्क एका वाक्यात आडवे. पण तोच स्लीप शेजारच्या मॅजिक-युजरकडेही असतो, आणि २,५०० एक्सपीला त्याचे दिवसाला दोन होतात. हा राग स्पेलवर काढायचा आहे, एल्फवर निघतोय. पहिल्या लेव्हलच्या एल्फकडे दिवसाला एक स्पेल. सांगाडे त्याने झोपत नाहीत. आणि तळघरात दर दोन टर्नला, म्हणजे वीस मिनिटांनी, सहात एक शक्यतेने कुणीतरी भटकत येतं. दुसरी टोळी आली की एल्फ म्हणजे सहा बाजूंच्या फाशाचा फायटर.

त्या मुलाला त्याच दुपारी उत्तर मिळालं, माझ्याकडून नव्हे. त्याचा एल्फ प्लेट चिलखत आणि ढाल घेऊन बोळात पहिल्या रांगेत उभा. समोर दोन गॉब्लिन भिडलेले, मागे आणखी. इनिशिएटिव्हच्या (आधी कोण, ते ठरवणाऱ्या फाशाच्या) आधी त्याने जाहीर केलं: स्लीप. नियम तसाच आहे, स्पेल आधी सांगायचा आणि बोलताना हलायचं नाही. आमचा फासा दोन, गॉब्लिनांचा पाच. आर्मर क्लास (चिलखताचा आकडा, कमी तितका भक्कम) दोनला गॉब्लिनला सतरा किंवा वर लागतात. पहिला चुकला, दुसऱ्याने अठरा टाकले. तीन हिट पॉइंट गेले, दोन उरले, एल्फ जिवंत. पण मार बसला की तो स्पेल वाया, आणि डोक्यातूनही गेला, टाकल्यासारखाच. पोरगं फाशाकडे बघत राहिलं. मागच्या रांगेतल्या मॅजिक-युजरवर त्या फेरीत कुणाचा हात पोचत नव्हता, त्याने स्लीप टाकला आणि बोळ मोकळा केला. ‘लढाई आणि जादू दोन्ही’ या शब्दांत न दिसणारी अडचण ही आहे. लढायला पुढे उभं राहावं लागतं आणि जादूला मागे. पुढे राहिलास तर फायरबॉलही अडतो, कारण त्याची त्रिज्या वीस फूट आणि समोरचा शत्रू हाताच्या अंतरावर, सोबत तू स्वतःही भाजशील. चांगले एल्फ खेळाडू शेवटी दुसऱ्या रांगेत धनुष्य घेऊन उभे राहतात. ते उत्तम आहे, पण मग पुढे कोण? फायटरच.

एका बाबतीत मात्र दावा करणाऱ्यांना मान द्यायला हवा, आणि ती बाब ते स्वतः सहसा बोलत नाहीत. एल्फचं खरं बळ तलवारीत नाही, चिलखतात आहे. सुरुवातीला सरासरी १०५ सोन्याची नाणी मिळतात. प्लेट चिलखत साठ, ढाल दहा, तलवार दहा, जमून जातं. उघड्या मॅजिक-युजरला ऑर्कचा वार शंभरात पंचावन्न वेळा लागतो, या एल्फला वीस वेळा. मी डीएम असताना मागून हल्ला झाला की आधी मॅजिक-युजर मरतो, एल्फ उभा असतो. चौथ्या ते सहाव्या लेव्हलच्या दरम्यान एल्फ हा त्या टेबलावरचा सगळ्यात सोयीचा सोबती असतो, हे मी नाकारत नाही. सोयीचा म्हणजे भारी, इतकंच मला मान्य नाही.

“गायगॅक्सने सुरुवातीलाच घोटाळा केला, पुढे कुणी सुधारला नाही” हेही ऐकू येतं. गायगॅक्स म्हणजे या खेळाच्या मूळ रचनाकारांपैकी एक. १९७४ च्या मूळ नियमांत एल्फला एका मोहिमेत फायटिंग-मॅन आणि दुसरीत मॅजिक-युजर होता यायचं, मोहिमेच्या मध्ये बदलता येत नसे, आणि मर्यादा चौथी लढाईत, आठवी जादूत. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड नियमांत एक्सपी दोन क्लासमध्ये अर्धे-अर्धे वाटले जातात, एका क्लासची मर्यादा गाठली तरी त्याचा अर्धा वाटा जातच राहतो, आणि हिट पॉइंटची सरासरी काढतात. १९८१ मध्ये तिसरा मार्ग, एकच महाग तक्ता. एकाच प्रश्नाला सात वर्षांत तीन वेगवेगळ्या किमती लावून पाहिल्या. घोटाळा झाकणारे लोक असं करत नाहीत.

आमच्या बाजूचेही काही जण एक लंगडं उत्तर देतात, तेही मोडीत काढतो: “एल्फ दहाव्या लेव्हलला थांबतो, म्हणून समतोल आहे.” दहावी लेव्हल ६,००,००० एक्सपीला येते. तिथवर कोण जातं? जी मर्यादा कुणाला लागतच नाही, ती किंमत म्हणून मोजू नये. किंमत पहिल्या चार हजारांत वसूल होते, तेवढी पुरे.

राहिली ती दुरुस्ती, जी बंदीपेक्षा मवाळ म्हणून सुचवली जाते: धातूचं चिलखत घातलं की स्पेल नाही. माझ्या ओळखीच्या एका टेबलाने ती लावली. आता एल्फ मागे राहिला तर उशिरा वाढणारा मॅजिक-युजर, पुढे आला तर उशिरा वाढणारा आणि कमी हिट पॉइंटचा फायटर. थोड्याच दिवसांत तिथे एल्फ घेणारं कुणी उरलं नाही. सध्या त्या टेबलावर हाफलिंग या बुटक्या जातीविरुद्ध कुजबुज सुरू आहे: फायटरइतकेच २,००० एक्सपी, आणि पहिल्याच लेव्हलला मृत्यूच्या सेव्हला फायटरला बारा लागतात तिथे त्याला आठ.