आधी फ्लशची टाकी उघडा

गुरुवारी पाणी बंद म्हटलं की पुण्यात घरोघरी बचतीचा विषय निघतो आणि आंघोळीच्या बादलीवर येऊन थांबतो. शॉवर बंद, अर्ध्या बादलीत भागवा, मुलांना दम. मला हे पटत नाही. बादली डोळ्यांसमोर असते म्हणून तिच्यावर नजर जाते. संडासातली फ्लशची टाकी मात्र गळत असली तरी आवाज येत नाही, फरशी ओली होत नाही. त्यात पाणी मेंटेनन्समध्येच धरलेलं असलं, फ्लॅटला वेगळा मीटर नसला, की बिलातूनही काही कळत नाही.

टाकी तपासायला अर्धा तास लागतो. झाकण काढा. काही टाक्यांत आधी वरचं बटण फिरवून सोडवावं लागतं, तिथे जोर लावून ओढू नका. आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा, टाकीत पाणी सोडणारा खालचा अँगल कॉक बंद करा आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका. पातळी उतरली तर तळाचा वॉशर गळतोय. टाकी आतून 35 सेंमी लांब आणि 15 सेंमी रुंद धरली तर एक सेंमी पाणी उतरलं म्हणजे अर्धा लिटर गेलं. या हिशोबाने दिवसाला 25 लिटर, म्हणजे एक शिगोशीग बादली. दोन संडास गळत असतील तर दोन बादल्या, रोज.

पातळी हलली नाही तरी काम संपलं नाही. कॉक उघडा, टाकी भरू द्या आणि मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीवर टॉर्च मारा. टाकी भरल्यावरही नळीच्या काठावरून पाणी आत उतरत असेल, तर दोष बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या झडपेचा. पाणी काठाच्या दोन सेंमी खाली थांबेल इतका तिचा तरंगता फ्लोट खाली घ्या. तरीही थांबत नसेल तर बॉलकॉकमध्ये कचरा अडकलाय किंवा त्याच्या आतला वॉशर गेलाय.

तळाचा वॉशर बहुधा दोन कारणांनी गळतो. रबर कडक होतं, किंवा बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातले क्षार त्याच्या बैठकीवर बसतात. वाघोली, उंड्रीकडे हे दुसरं कारण फार. बैठकीवर बोट फिरवलं की खरखर लागते. बऱ्याच टाक्यांत आतला व्हॉल्व्ह डावीकडे पाव फेरा फिरवला की सुटून हातात येतो. बैठक व्हिनेगरच्या फडक्याने पुसा आणि नवा वॉशर आणायला जुना सोबत न्या. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत डझनभर मापं मिळतील, पण ‘फ्लशचा वॉशर द्या’ एवढं सांगून बरोबर माप मिळणार नाही.

टाकीत वीट टाकण्याचा सल्ला कृपा करून पाळू नका. वीट पाण्यात झिजते आणि तिची भुकटी त्याच वॉशरखाली जाऊन बसते. दहा लिटरची जुनी टाकी असेल तर एक लिटरची भरलेली बाटली कोपऱ्यात ठेवा. तीन-सहा लिटरच्या दोन बटणांच्या टाकीत तीही नको, कारण एका फ्लशमध्ये भांडं साफ झालं नाही तर माणूस दुसऱ्यांदा बटण दाबतोच.

यानंतर नळाचा दाब. इमारतीची पाण्याची टाकी गच्चीवर असल्याने खालच्या मजल्यांवर पाणी जोरात येतं. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो. बेसिनचा नळ पूर्ण उघडून एक लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. पाच सेकंदांत भरलं तर मिनिटाला 12 लिटर पाणी जातंय. बेसिनखालचा अँगल कॉक थोडाथोडा फिरवत दहा सेकंदांवर आणा. पाणी निम्म्यावर आलं, खर्च शून्य. गॅस गीझरचा कॉक मात्र असा आवळू नका, पाणी कमी पडलं तर तो पेटतच नाही.

एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी नळाच्या तोंडाची जाळी, बेसिनला आणि सिंकला लावा, बादलीच्या नळाला नको. बादलीत पाणी तेवढंच पडणार, फक्त उभं जास्त राहावं लागेल. नळाला बाहेरून आटे असतील तर सहसा 22 मिमीचा लागतो, आतून असतील तर 24 चा. धार वाकडी किंवा बारीक झाली की जाळीत वाळू अडकली समजा.

सोलरचं पाणी गरम होईपर्यंत जे गार पाणी सोडून देतो, त्याचाही हिशोब करा. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी असतं. गच्चीपासून 25 मीटर पाइप असेल तर रोज सकाळी सहा लिटरच्या पुढे. ते बादलीत धरा आणि लादी पुसायला घ्या. सोसायटीत रिटर्न लाइन, म्हणजे पाइपातलं गार पाणी परत टाकीकडे नेणारी लाइन, बसवण्याचा विषय मांडता आला तर आणखी उत्तम.

आरओबद्दल, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या प्युरिफायरबद्दल, माझं मत ठाम आहे. खडकवासल्याच्या धरणांचं पाणी मुळात मऊ. विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने मोजा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात. महापालिकेचं पाणी त्याच्या बरंच खाली असेल, तर एका लिटरसाठी दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडणारं यंत्र कशाला? नुसते जंतू मारणारा यूव्ही प्युरिफायर पुरतो. टँकरवरच्या घरांना आरओ लागत असेल, तर त्याचं टाकाऊ पाणी संडासात वापरा. कुंड्यांना रोज घालू नका, मातीत क्षार साठतात.

आणि शुक्रवारी सकाळची ती जुनी सवय. गुरुवारसाठी भरलेली पिंपं, हंडे, कळशा नळ आला की ‘शिळं पाणी’ म्हणून मोरीत ओतायच्या. झाकलेलं, स्वच्छ भांड्यातलं पाणी दोन दिवसांत खराब होत नाही. प्यायला नको वाटत असेल तर त्यात कपडे भिजवा. गुरुवारी कोरडा नळ उघडून बघितला असेल तर बंद केल्याची खात्री करूनच झोपा, नाहीतर पाणी आलं की वाहत राहील.