उघडं पडलेलं पितळ

बाबांचा निकॉन एफएम कॅमेरा काळा आहे. म्हणजे होता. हे मॉडेल १९७७ साली आलं आणि दोनेक वर्षांत बाबांच्या मामांनी तो कुवेतहून टॉवेलात गुंडाळून आणला. पुढची वीस वर्षं नात्यातल्या प्रत्येक मुंजीत, बारशात आणि लग्नात तो बाबांच्या गळ्यात लटकत होता. त्यामुळे आमच्या घरच्या एकाही अल्बममध्ये बाबा नाहीत.

आता त्याचा रंग जागोजागी उडालाय आणि खालचं पितळ डोकावतंय. वरच्या पत्र्याचे कोपरे, पट्ट्याच्या कड्यांपाशी घासून उमटलेली चंद्रकोर, फिल्म पुढे सरकवायच्या लिव्हरच्या आसपासचा भाग. उजेड मोजणारा मीटर चालू करायला ही लिव्हर जराशी बाहेर ओढून ठेवावी लागते आणि डाव्या डोळ्याने बघणाऱ्याच्या कपाळात ती बरोब्बर टोचते. बाबा डाव्या डोळ्याने बघतात.

मराठीत पितळ उघडं पडणं ही काही मिरवायची गोष्ट नाही. त्यामुळे पाहुणे कपाटातला कॅमेरा बघून "अरेरे" म्हणत. आई दर दिवाळीला समया घासायला बसली की विचारायची, "हाही देतोस का? चिंच आहे हातात." जाणकार मित्र मात्र ओरडायचे, "हात लावू नकोस! ती झीज म्हणजेच इतिहास!" यातल्याच एका मित्राने गेल्या वर्षी स्वतःच्या वाड्याला टाइल्स लावल्या.

शेवटी फोर्टात, बोरा बझारला एका कारागिराकडे गेलो. त्यांनी पितळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागचं दार उघडून खाचेतून बोट फिरवलं, तर बोटाला डांबरासारखं काळं चिकट काहीतरी लागलं.

"फोम वितळलाय. उजेड शिरणार आत. हे आधी बदला."

"आणि रंग?"

"मारून देतो की. पण विकताना भाव कमी येईल. कोरा दिसला की गिऱ्हाइकाला संशय येतो."

घरी येऊन शोधलं, तर त्यांचं खरंच होतं. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने २०१५ मध्ये लेनी क्रॅविट्झ या गायकाच्या नावाने १२५ कॅमेरे काढले. काळा रंग द्यायचा आणि मग माणसं बसवून तो हातानेच घासून पितळ उघडं पाडायचं. दोन लेन्ससकट संच २४,५०० डॉलरला. आमच्याकडे हेच काम फुकटात झालेलं!

माझा निर्णय झाला. फोम बदलून आणला आणि रात्री जेवताना मी भाषण ठोकलं: या उजव्या कोपऱ्यावर बाबांच्या तर्जनीची वीस वर्षं आहेत, एवढी प्रेमळ झीज कुठल्या कारखान्यात...

"तो कोपरा?" बाबा ताकाचा भुरका मारत म्हणाले, "तो स्कूटरच्या डिकीत डब्याला घासायचा. चार खणी डबा. कडी सैल होती त्याची."

"आणि ही चंद्रकोर?"

"ती तू पाडलीस. तीन वर्षांचा होतास. पट्टा धरून गच्चीभर ओढलास." जरा थांबून म्हणाले, "तुला इतकं खुपत होतं, तर सांगायचंस ना."

या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

शनिवारी संध्याकाळी घरी आलो, तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर कॅमेरा. काळाकुळकुळीत. खिडकीच्या ग्रिलचा ऑइल पेंट उरला होता म्हणे. उजव्या कोपऱ्यावर, तर्जनीच्या जागी, ब्रशचा एक केस आडवा चिकटलेला.

"हात नको लावू, ओला आहे," बाबा खूश होऊन म्हणाले. "दुसरा हात उद्या."

ते झोपल्यावर मी टर्पेंटाइन आणि कान कोरायच्या काड्या घेऊन बसलो. रात्री दीडपर्यंत फक्त चंद्रकोर मोकळी झाली होती. तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. दारात उभी राहून तिने बराच वेळ पाहिलं.

"घासतोच आहेस," ती म्हणाली, "तर चिंच देऊ?"